सेवानिवृत्त वस्तूंचे लग्नकार्य

मांडवाच्या दाराशी केळीचे खांब उभे करण्याची रीत जुनी आहे. त्याच दाराशी पत्र्याची ट्रंक, बंद पडलेला टाइपरायटर आणि कर्णा चेपलेला ग्रामोफोन मांडून त्यांच्यावर फुले रचण्याची रीत मात्र अलीकडची असून, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे उत्तरेकडील मांडव्यापासून दक्षिणेकडील हरिहरेश्वरापर्यंतच्या पट्ट्यात, तिने गेल्या काही वर्षांत असे बाळसे धरले आहे की तिची शास्त्रशुद्ध नोंद घेणे आता लांबणीवर टाकता येत नाही. या रीतीला व्यवसायातील मंडळी ‘व्हिंटेज थीम’ म्हणतात. थीम म्हणजे समारंभातील खुर्चीपासून पापडापर्यंत प्रत्येक गोष्टीने एकाच कल्पनेशी एकनिष्ठ राहावे अशी अपेक्षा. प्रॉप म्हणजे त्या कल्पनेच्या सेवेसाठी एका रात्रीपुरती भाड्याने आणलेली वस्तू. आणि व्हिंटेज म्हणजे जुने, पण नुसते जुने नव्हे. नुसते जुनेपण पुरेसे असते, तर वधूपक्षाच्या थोरल्या काकांनाच झेंडूच्या दोन माळा घालून दाराशी बसवता आले असते आणि भाड्याचे पैसे वाचले असते. वस्तूला व्हिंटेज ही पदवी मिळण्यासाठी वयापेक्षा महत्त्वाची अट अशी की ती कामातून गेलेली असावी, किंवा निदान तिने पुन्हा काम करू नये याची पक्की व्यवस्था झालेली असावी. रॉकेलवर पेटणारा कंदील हा केवळ कंदील असतो. वात काढून आत बॅटरीवरचा दिवा आणि पांढऱ्या फुलांची जुडी कोंबलेला कंदील हा प्रॉप होय. पहिल्याला गोठ्यात टांगतात आणि दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात.

मुंबईने आपल्या गोष्टी अलिबागेस आणून ठेवाव्यात, ही प्रथा लग्नांनी सुरू केलेली नाही. कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय मापनाचे काम १९०४ मध्ये अलिबागेस हलवण्यात आले, कारण मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक चुंबकसूच्या बिथरल्या असत्या. मुंबईच्या धकाधकीला कंटाळून अलिबागेत कायमचे राहायला आलेले हे पहिले प्रतिष्ठित बिऱ्हाड मानावयास हरकत नाही. पुढे बंगलेवाले आले, फार्महाउसवाले आले, आणि आता शनिवार-रविवार साधून वऱ्हाडे येतात. ‘अलिबाग से आया है क्या’ या हिंदी टोमण्यावर बंदी घालावी, अशी मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली होती. पण जे काम न्यायालयाकडून झाले नाही ते इथल्या हिरवळींच्या भाड्याने परस्पर करून टाकले, कारण ज्याला अलिबागच्या लग्नाचे निमंत्रण येते त्याच्याकडे आता त्याच्या सोसायटीत थोडे वरमूनच पाहिले जाते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट, म्हणजे जिच्यात वाहने चाकांवरच शिरतात आणि चाकांवरच बाहेर पडतात अशी बोट, १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, टाळेबंदीमुळे लागलीच थांबली आणि काही महिन्यांनी पुन्हा चालू झाली. तिच्या पोटातल्या टेम्पोंमध्ये लग्नसराईत जे सामान असते त्याचा बराचसा भाग मुंबईच्या चोर बाजारातून, विशेषतः मटण स्ट्रीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील गल्लीतून गोळा झालेला असतो, आणि त्या गल्लीत तो कोठून आला याचा शोध घेऊ लागल्यास अभ्यासकाला पुन्हा कोकणातल्या घरांचे माळेच दिसू लागतात. तेव्हा नागावच्या एखाद्या वाडीतून भंगारात गेलेले घंगाळ खाडी ओलांडून मुंबईस जावे, तेथे त्याची किंमत दसपट व्हावी आणि ते पुन्हा नागावच्याच वाडीत एका रात्रीचे पाहुणे म्हणून यावे, यात अशक्य असे काही नाही. माहेरी आलेल्या त्या घंगाळाला ओळखणारे कोणी उरलेले नसते, इतकेच.

हे स्थलांतर समजून घेण्यासाठी कल्हईचा विचार करावा लागतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवले तर ते कळकते, म्हणजे आंबट पदार्थाचा धातूशी संबंध येऊन त्याची चव बिघडते व तो पोटाला अपायकारक होतो. म्हणून अशा भांड्यांना आतून कथिलाचा पातळ मुलामा देत, आणि या क्रियेस कल्हई म्हणत. कल्हईवाला अंगणात भाता लावून बसे, भांडे तापवी, नवसागर टाकी, कथिल फिरवी, आणि धुराच्या एका लोटानिशी काळवंडलेल्या भांड्याचा अंतर्भाग चांदीसारखा करून देई. पण ही शोभा काही महिनेच टिके व पुन्हा त्याची वाट पाहावी लागे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर आले, त्याला कल्हई लागत नव्हती, चिंच लागत नव्हती, उचलताना कंबर धरत नव्हती, आणि गृहिणींनी एका पिढीत तपेली, परात, हंडे, बंब असे सारे मोडीत दिले. मोडीत देणे म्हणजे जुने भांडे वजनावर घालून त्या भावात नवे घेणे, आणि या व्यवहारात जी आजी सर्वांत आनंदात होती तिच्याच नातीच्या लग्नात आज तीच तपेली भाड्याने येतात. आजीला या गोष्टीचा अर्थ लागत नाही. ज्या भांड्यापासून सुटका करून घेण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला परत दारात आणून त्यात गुलाब कशासाठी खोचायचे, असा तिचा साधा प्रश्न असतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही इव्हेंटवाल्याने दिलेले नाही.

प्रॉप म्हणून आलेल्या पितळेला कल्हईची गरज नसते, कारण त्यात कोणी काही शिजवणार नसते. त्याला बाहेरून काळपट, जरासे हिरवट, थकल्यासारखे दिसणे आवश्यक असते. या काळपटपणाला ‘अँटिक फिनिश’ म्हणतात, आणि जेथे काळाने तो पुरेसा दिलेला नसतो तेथे तो रसायन लावून आणतात. येथेच कार्यघरात दरवेळी एक संघर्ष उद्भवतो. आदल्या दिवशी सामान उतरते, वरमाईची धाकटी बहीण पडवीत मांडलेल्या त्या समया आणि ते हंडे पाहते, ‘लोक काय म्हणतील’ असे पुटपुटत चार बायका जमवते, आणि चिंच, मीठ व राख यांच्या साहाय्याने संध्याकाळपर्यंत सगळे पितळ सोन्यासारखे लखलखीत करून ठेवते. डेकोरेटरला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. शतकभराचा भासवलेला काळ दोन तासांत धुऊन निघालेला असतो, आणि त्याबद्दल कोणावर रागावायचे हेही ठरवता येत नाही, कारण मावशींना शाबासकीची अपेक्षा असते.

घंगाळाची गोष्ट अधिक गंभीर आहे. घंगाळ म्हणजे दोन बाजूंना कड्या असलेले, रुंद तोंडाचे, आंघोळीचे पाणी काढण्याचे भांडे. आजकालच्या लग्नात ते प्रवेशद्वाराशी असते, त्यात पाणी असते, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या व तरंगत्या मेणबत्त्या असतात, आणि कोणी उत्साही पाहुणा त्यात रुपयाचे नाणेही टाकतो. परंतु घंगाळातील पाण्यावर काहीतरी तरंगत ठेवणे ही लग्नातली नवी कल्पना नव्हे, ती फार जुनी आहे, फक्त पूर्वी तिला कारण होते. मनगटी घड्याळे नव्हती तेव्हा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरीत. हे तांब्याचे एक वाटीसारखे पात्र असे व त्याच्या तळाला बारीक छिद्र असे. ते पाण्यावर सोडले की छिद्रातून पाणी आत चढत चढत बरोबर एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, पात्र बुडे. दिवस-रात्रीच्या ६० घटका धरलेल्या असल्याने सूर्योदयापासून किती पात्रे बुडाली हे मोजून जोशीबुवा मुहूर्त जाहीर करीत, आणि तोवर वर, वधू, दोघांचे मामा, अक्षता हातात धरलेले दोन्हीकडचे लोक व भुकेने कळवळणारी मुले असा सारा समाज त्या वाटीकडे डोळे लावून बसे. आताच्या घंगाळात बुडण्यासारखे काही नसते. पत्रिकेवर मात्र मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटे असा मिनिटासह छापलेला असतो, ड्रोनवाल्याची तयारी झाल्यावर तो १ वाजून १० मिनिटांवर लागतो, आणि ज्या भांड्यापाशी वेळ मोजण्याची विद्या होती ते दाराशी पाकळ्या सांभाळीत गप्प बसलेले असते.

या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा होता, आणि शनिवार हा त्यांचा साबाथ, म्हणजे विश्रांतीचा धार्मिक दिवस असल्याने त्या दिवशी त्यांचे घाणे बंद राहत. यावरून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. लाकडी घाणा, म्हणजे बैलाने गोल फिरून चालवायची तेलाची उखळी, आता समारंभांतही प्रॉप म्हणून दिसू लागला आहे, आणि त्याच्या रुंद माथ्यावर सपाट फळी टाकून केक ठेवतात. मुंबईची वऱ्हाडे शनिवारीच येत असल्यामुळे, जो घाणा पूर्वी सहा दिवस राबून शनिवारी विसावा घेई, तो आता सहा दिवस विसावा घेऊन शनिवारी राबतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने याचा निर्णय काय लागेल हे सांगणे कठीण असले तरी बैलाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे.

ग्रामोफोन, चकतीचा टेलिफोन, गाडीचे सुटे चाक, हॅन्डल नसलेली सायकल, यांच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ते सर्वत्र सारखेच असतात आणि सर्वत्र सारखेच कंटाळलेले दिसतात. टाइपरायटरची मात्र थोडी विचारपूस केली पाहिजे. भारतीय बनावटीचा टाइपरायटर गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणला आणि पुढची काही दशके तालुक्याच्या गावची कचेरी, न्यायालयाचे आवार आणि दस्तलेखकाचे टेबल त्याच्या खडखडाटाने जिवंत राहिले. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथील वाड्यांची खरेदीखते, म्हणजे जमीन एकाची होती ती दुसऱ्याची झाली हे सांगणारे दस्त, अशाच यंत्रांवर निघाली. आता अशाच एका यंत्रात हस्तिदंती रंगाचा कागद अडकवून त्यावर इंग्रजीत प्रेमाचे दोन शब्द उमटवलेले असतात, शेजारी लॅव्हेंडरची वाळकी जुडी असते, आणि ज्या हिरवळीवर हे सारे मांडलेले असते ती हिरवळ पूर्वी कोणाची नारळ-सुपारीची वाडी होती आणि ती कोणत्या खडखडाटातून कोणाकडे गेली, हे त्या यंत्राला चांगले ठाऊक असावे. सुदैवाने त्याची रिबीन सुकलेली असते.

वस्तू कामातून गेली की व्हिंटेज होते, हा सिद्धान्त लग्नपत्रिकेच्या बाबतीत सर्वाधिक काटेकोरपणे लागू पडतो. पत्रिकेचे मूळ प्रयोजन म्हणजे कोणाचे, कोणाशी, केव्हा, कोठे, आणि जेवण आहे की नाही, हे कळवणे. मराठी पत्रिकेने त्यासाठी एक भक्कम ढाचा घडवला होता: माथ्यावर गणपती व कुलस्वामिनी, त्याखाली ‘श्रीकृपेकरून’ने सुरू होणारे वाक्य, जे मध्येच दोन्हीकडच्या आजोबांची नावे, गावे व हुद्दे गोळा करत इतके लांबे की क्रियापदापर्यंत पोचताना वाचणाऱ्याला दम लागे, मग चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची फौज, आणि सर्वांत खाली बालगोपाळांच्या नावे, मामाच्या लग्नाला नक्की यायचे हं, अशी दटावणी. चार कोपऱ्यांना हळदकुंकू लागले की पत्रिका प्रवासाला निघे. ही पत्रिका खिळ्यांच्या छपाईची, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर जुळाऱ्याने हाताने वेचून ओळीत बसवलेली असे, आणि वरचा गणपती छापखान्याचा सामायिक ठोकळा असल्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या लग्नांना तोच एक येई. मराठी मुद्रणाची थोरवी सांगताना गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये छापलेल्या पंचांगाचा आणि जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापलेल्या निर्णयसागर छापखान्यातील सुबक देवनागरी टायपाचा उल्लेख करतात. या परंपरेतील चांगल्या छपाईची कसोटी अशी होती की, अक्षर कागदावर नुसते टेकावे, रुतू नये. मागच्या बाजूला बोट फिरवले असता खळगा लागला तर यंत्रावरच्या माणसाला मालकाचे चार शब्द ऐकावे लागत, कारण असल्या दाबाने टाइप झिजतो.

आज खिळ्यांची छपाई श्रीमंतांची हौस म्हणून परत आली आहे, आणि तिची किंमत त्या खळग्यावरूनच ठरते. अक्षर जितके खोल रुतेल तितकी पत्रिका उंची; ज्या चुकीबद्दल यंत्रवाला बोलणी खाई, ती चूक आता आगाऊ पैसे भरून मुद्दाम करवून घ्यावी लागते. कागद हातकागदच हवा, कडा फाटल्यासारख्या हव्यात, रंग चहात बुडवल्यासारखा हवा, आणि तो बहुधा चहात बुडवलेलाच असतो. पाकिटावर लाखेची मोहोर असते. मे महिन्यात बंद मोटारीच्या मागच्या काचेपाशी पन्नास पाकिटांचा गठ्ठा ठेवून वाटायला निघाले असता त्या मोहोरा परस्परांना बिलगतात व पन्नास पाकिटांचे एकच पाकीट होते, हा अनुभव रेवदंड्यापासून श्रीवर्धनापर्यंत अनेक वरपित्यांनी घेतला असेल. काही पत्रिकांत वधूवरांची नावे मोडीत असतात. मोडी म्हणजे लेखणी न उचलता भराभर लिहिण्याची, जुन्या दफ्तरांतील लिपी. ती निमंत्रितांपैकी बहुधा एखाद्याच वृद्धाला वाचता येते आणि तो नेमका वराच्या नावातील वेलांटी चुकल्याचे भर बैठकीत सांगतो. पाकिटात बकुळीची सुकी फुले असतात, जुन्या नकाशासारखे चित्र असते, जुन्या तिकिटासारखे तिकीट असते. तारीख असते पण ती तपकिरी कागदावर तपकिरी शाईने व वळणदार हस्ताक्षरात असते. शेवटी सर्व नातलगांना व्हॉट्सॲपवर एक साधा मजकूर जातो, त्यात वार, वेळ, नकाशाचा दुवा आणि वऱ्हाडाची बस कोठून सुटणार हे असते, आणि लोक लग्नाला येतात ते त्या मजकुराच्या भरवशावर. पत्रिका फडताळातील काचेआड जाते.

अलिबागपासून फार दूर नसलेल्या अक्षी गावी एक शिलालेख आहे. त्याचे वाचन शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे करण्यात आले असून त्या वाचनानुसार तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरतो. कोणी, कोणाला, काय दिले आणि केव्हा दिले, एवढा कामापुरता मजकूर असलेला हा दगड कितीतरी वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता, आणि त्याच रस्त्याने चहात बुडवलेल्या पत्रिका आणि रसायनाने काळवंडवलेले हंडे घेऊन टेम्पो जात होते. टेम्पोवाल्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही हे एका परीने बरे झाले, नाहीतर त्याच्या पायाशी हायड्रेंजिया लावून त्याचेही दर ठरले असते.

हायड्रेंजिया ही थंड हवेत वाढणारी, निळसर गुलाबी गुच्छांची झुडपी वनस्पती असून तिला पाण्याची हाव फार, आणि उकाड्याशी तिचे मुळीच पटत नाही. अष्टागर, म्हणजे अलिबाग-चौल परिसरातील बागायती गावांचा पट्टा, फुलांच्या बाबतीत दरिद्री नाही. येथे सोनचाफा आहे, अनंत आहे, मोगरा, बकूळ, अबोली आहे, आणि वाऱ्याच्या झुळुकीसरशी सगळे आवार भारून टाकणारा केवडा आहे. परंतु ही फुले परसात फुकट मिळत असल्यामुळे थीममध्ये बसत नाहीत. थीमची फुले पहाटे दादरच्या फूलबाजारातून निघतात, त्यांत मावळातील हरितगृहांचा जर्बेरा असतो, परदेशी ऑर्किड असते, आणि जिप्सोफिला असतो, ज्याला फुलवाले लाडाने ‘जिप्सी’ म्हणतात. रो-रोमध्ये जागा मिळाली तर ठीक. न मिळाल्यास टेम्पो मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ नाक्याकडे येतो. या महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला गेला, आणि ते काम चालू असताना कित्येक मुलामुलींची बारशी, शाळाप्रवेश व मौंजी उरकल्या आहेत. वडखळला वाहतूक तुंबली की टेम्पोतील हायड्रेंजिया मान टाकते, ऑर्किड तग धरते, आणि झेंडूला काहीच होत नाही. झेंडूला थीममध्ये प्रवेश नसतो. परंतु आयत्या वेळी बॅकड्रॉपला, म्हणजे वधूवरांच्या पाठीमागील सजवलेल्या भिंतीला पडलेली भगदाडे बुजवण्यासाठी अलिबागच्या बाजारातून मागवला जातो तो तोच, आणि छायाचित्रात सर्वांत ताजा दिसतो तोही तोच.

पाम्पास गवताबद्दल न लिहिणे अन्यायाचे होईल. दक्षिण अमेरिकेच्या मैदानांत उगवणारे, पांढरट तुऱ्यांचे हे उंच गवत वाळवून उंची भावाने विकतात आणि कमानीला लावतात. ज्या खारजमिनीच्या, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेल्या भातशेतीच्या मुलखात पेंढ्याची उडवी दारोदार रचलेली असते, तेथे वाळके गवत विमानाने आलेले पाहून आगरी शेतकऱ्याला आपण व्यापारात कोठे कमी पडलो याचा विचार करावा लागतो. यावर उपाय म्हणून काही मंडळींनी स्थानिक मालाला संधी देण्याचे ठरवले, आणि त्यातून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या समारंभात आल्या. भौगोलिक मानांकन लाभलेला हा गोडसर कांदा पातीसह वेणीत गुंफून टांगण्याची पद्धत आहे, व त्या वेण्या खांबांवर खरोखर शोभून दिसतात. अडचण एवढीच की हा प्रॉप अजून सेवेत आहे. मुंबईच्या आत्यांना त्याची बाजारातली किंमत तोंडपाठ असते, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येक वेणी खालच्या टोकाकडून एकेक कांद्याने आखूड होत गेलेली आढळते.

स्थानिक मालात सुगरण पक्ष्याचे खोपेही येतात. हे लोंबते, विणलेले खोपे काढून त्यांत दिवे सोडतात व झाडांना टांगतात. याच किनाऱ्यावर किहीम येथे राहून पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास या पक्ष्याच्या संसाराचे निरीक्षण केले, आणि त्यांना असे दिसले की घरटे विणतो तो नर. तो ते अर्धेच विणून थांबतो, माद्या येऊन आत शिरून पाहणी करतात, पसंत पडले तर एखादी ताबा घेते व मग नर उरलेले काम पुरे करतो, आणि ते संपताच दुसऱ्या खोप्याला लागतो. सजावट अर्धवट असताना मुलीकडच्यांनी पाहणीला येणे, नाके मुरडणे, आणि मग धावपळीने उरलेले काम पुरे होणे, हा क्रम इव्हेंटवाल्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता तंतोतंत उचलला आहे. दुसरे काम लगेच घेण्याची सवयसुद्धा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत होणाऱ्या समारंभांत एक सहभागी असा असतो की ज्याला कोणी पत्रिका दिलेली नसते. कोकणातल्या कोळ्याला घड्याळाशिवाय भरती सांगता येते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी व मध्यरात्रीकडे. शिवाय पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर येते आणि नेहमीपेक्षा मागेही जाते. आता चांदण्यातले लग्न हवे म्हणून पौर्णिमा निवडली, तर दुपारी साडेचार-पाचला सामान मांडायला आलेल्या मुंबईच्या माणसांना समुद्र ओहोटीने पार क्षितिजाकडे गेलेला दिसतो, एवढी मोकळी, सपाट, ओलसर पुळण पाहून त्यांना हर्ष होतो, आणि ते ट्रंका, कंदील, लाकडी पेट्या व गाडीचे चाक अगदी पुढे, पाण्याच्या दिशेने मांडत नेतात. गावातला एखादा म्हातारा बांधावर उभा राहून हे पाहतो. ‘जरा वर घ्या,’ असे तो एकदा सांगतो. त्याला थीम समजलेली नाही असे ठरते, आणि तोही घरी जातो. साडेदहाला आइस्क्रीम वाटले जात असताना पहिली लाट टेबलाखालून जाते. ट्रंक पोकळ असल्यामुळे तरंगते, टाइपरायटर भरीव असल्यामुळे तरंगत नाही, आणि गाडीचे चाक कित्येक वर्षांनी प्रथमच फिरते. गंमत अशी की ज्या पंचांगातून पुरोहिताने मुहूर्त काढला त्याच पंचांगातील तिथीवरून हे सारे आधीच कळण्यासारखे होते. पण पंचांग पुरोहिताकडे होते, पाऊणकी कोळ्याकडे होती, आणि मूडबोर्ड, म्हणजे समारंभ कसा दिसावा याची चिकटवलेल्या चित्रांची फळी, तिसऱ्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या यादीवरून सामान मोजून घेतात. प्रत्येक वस्तूपुढे तिची संख्या, हरवल्यास आकारावयाची रक्कम आणि अनामत असे तीन रकाने असतात. कंदील बारा, ट्रंका तीन, घंगाळ दोन, पानदान एक, असे वाचत कारकून खाली येतो आणि बहुतेक वेळा एका वस्तूपाशी अडतो. ती वस्तू म्हणजे अडकित्ता. तो पानदानाजवळ, वाळक्या फुलांच्या जुडीशेजारी, मखमलीवर, कोणी हात लावू नये अशा रीतीने मांडलेला होता, आणि तो नाहीसा झालेला असतो. शोध घेता घेता कारकून मागच्या पडवीत पोचतो. तेथे वराच्या तीन-चार आज्या पाय पसरून बसलेल्या असतात, मध्ये श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची वाटी असते, आणि यादीतला पितळी अडकित्ता रात्रीपासून अखंड चाललेला असतो. त्याचे भाडे एका रात्रीचेच होते, आता दुसरा दिवस लागेल, असे कारकून नम्रपणे सांगतो. त्यावर थोरल्या आजी सुपारीवरून नजर न काढता त्याला कळवतात की याची खीळ सैल होती ती त्यांनी दगडाने ठोकून बसवून दिली आहे, धारही दगडावर लावली आहे, तेव्हा मजुरी त्यांनाच मिळायला हवी. आणि कारकून यादीच्या शेवटच्या रकान्यात काय लिहावे याचा विचार करत उभा असताना त्याच्या हातावर एक खांड ठेवले जाते.